ओल्ड थ्रेशर्सला मित्रांबरोबर कॅम्पिंग: या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की क्वाड सिटीजमधल्या (आयोवा-इलिनॉयच्या सीमेवरची मोलीन वगैरे गावं) आमच्या मराठी ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. शनिवारी संध्याकाळी पोचलं तर चालेल का? टेंट कुठला घेऊ? शेगड्या दोन पुरतील की तीन लागतील? आणि लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की तक्रारीही त्याच. टेंटमध्ये पाणी शिरलं, झोप झाली नाही, आणि बघण्यासारखं फार काही नव्हतं. दरवर्षी माणसं नवी आणि चुका जुन्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयोवाच्या आग्नेय कोपऱ्यात, हेन्री काउंटीत माउंट प्लेझंट नावाचं छोटं गाव आहे. मोलीनहून गाडीने साधारण दीड तास. 1950 साली इथे मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रियुनियन सुरू झालं. गुरुवारपासून लेबर डेच्या सोमवारपर्यंत पाच दिवस मॅकमिलन पार्कमध्ये वाफेची ट्रॅक्शन इंजिनं (स्वतःच्या चाकांवर चालणारी, शेतीकामाची), जुनी मळणीयंत्रं आणि ट्रॅक्टर चालते-बोलते बघायला मिळतात. ओंडक्यांच्या घरांचं, सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांचं पायोनियर गाव आहे, तिथे लोहार भाता मारत असतो, कुणी दोर वळत असतं, कुणी झाडू बांधत असतं. आवाराभोवती वाफेची झुकझुक गाडी फिरते, तिचे रूळ तीन फुटी. आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फुटी. आणि शेजारी भलं मोठं कॅम्पग्राउंड, त्याच्याभोवती विजेची ट्रॉली.

हे कॅम्पग्राउंड म्हणजे नुसती झोपायची सोय नाही. दिवसा इंजिन चालवणारी, मळणी करणारी माणसंच संध्याकाळी तिथे खुर्च्या टाकून बसतात. 'बघण्यासारखं काही नव्हतं' असं म्हणणारे बहुतेक सगळे शनिवारी रात्री येऊन रविवारी दुपारी परतलेले असतात. चुका अनेक आहेत, पण त्यांचं मूळ घाईत आहे.

अंधारात पोचणं आणि टेंट तिथेच पहिल्यांदा उघडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या हिच्याच पोटी जन्माला येतात. पोरांची सॉकरची मॅच संपवायची, जेवायचं, रस्त्यात कॉस्टको करायचं आणि मग निघायचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे पावणेआठच्या आत सूर्य मावळतो. नऊला पोचलात की मोबाइलच्या उजेडात टेंटच्या काठ्या जुळवत बसायचं, आणि आजूबाजूला झोपलेल्या मंडळींच्या डोळ्यांवर गाडीचे दिवे मारायचे.

एका वर्षी शिकागोकडून दोन कुटुंबं आमच्यात सामील झाली. चांगली माणसं, नवा कोरा आठ जणांचा टेंट, नवी कोरी दहा बाय दहा फुटांची कॅनपी, म्हणजे चार पायांवरचं कापडी छत. यायला साडेनऊ झाले. आमच्या शेजारी एकच सपाट, गवताळ जागा मोकळी होती आणि त्यांना ती फार आवडली. मी सांगितलं की ही जागा खोलगट आहे, दुपारपासून सगळ्यांनी ती सोडली आहे त्याला कारण आहे; आज गाडीतच झोपा, सकाळी नीट बघू. "अहो दादा, एका रात्रीचा तर प्रश्न आहे," म्हणाले. टेंटबरोबर खोक्यात येतात त्या बोटाने वाकणाऱ्या तारेच्या मेखा त्यांनी बुटाने दाबून बसवल्या, त्याही चारच कोपऱ्यांना. ताणदोऱ्या पिशवीतच राहिल्या. उकडतंय म्हणून वरचं पावसाचं कापड घातलंच नाही. कॅनपीचे चार पाय नुसते गवतावर उभे.

रात्री दोनच्या सुमाराला पश्चिमेकडून वीज चमकायला लागली. इथलं वादळ आधी गार वाऱ्याचा एक जोरदार लोट पाठवतं आणि पाऊस मागून येतो. त्या पहिल्या लोटालाच कॅनपी उचलली गेली. तिला लोक छत्री समजतात, पण वाऱ्यापुढे ते शंभर चौरस फुटांचं शीड असतं. ती आमच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडच्या आजोबांनी ट्रेलरवरून आणलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर आपटली. सकाळी पाहिलं तर हुडवर हातभर लांब ओरखडा, हिरव्या रंगाखालचा राखाडी प्रायमर दिसत होता. तो रंग त्यांनी अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये बसून एकेक थर घासून चढवला होता. इकडे टेंटमध्ये घोटाभर पाणी. दोन लहान पोरं रडतायत, झोपायच्या पिशव्या भिजलेल्या, आणि चार मोठी माणसं पहाटेपर्यंत व्हॅनमध्ये बसलेली.

आजोबा रागावले नाहीत. सकाळी कॉफीचा थर्मास, मोठी हातोडी आणि फूटभर लांबीच्या लोखंडी मेखा घेऊन आले आणि मुलांना हाताशी घेऊन टेंट नव्या जागी उभा करून दिला. त्यांच्या समजूतदारपणामुळे प्रकरण मिटलं, पण दुसऱ्याच्या हिवाळाभराच्या कष्टावर ओरखडा उमटला तो उमटलाच. म्हणून 'एका रात्रीचा तर प्रश्न' हे वाक्य मला अजिबात खपत नाही.

माझी पद्धत अशी. शुक्रवारी सुट्टी टाकायची आणि चारच्या आत पोचायचं. नसेल जमत तर शनिवारी सकाळी यायचं, पण अंधारात नाही. आठवडाभर आधी टेंट घरच्या अंगणात पूर्ण उभा करून त्यावर बागेचा पाइप धरायचा, कुठून गळतो ते तिथेच कळतं. खोक्यातल्या मेखा फेकून द्यायच्या आणि बारा इंची लोखंडी मेखा, दोन पौंडी हातोडी घ्यायची. इथली प्रेअरीची, म्हणजे जुन्या गवताळ मैदानाची, काळी माती उन्हात वरून कडक असते आणि पावसात एकदम सैल होते, तिच्यात आखूड मेख टिकत नाही. मेख टेंटच्या उलट दिशेला कलती ठोकायची. उकडत असलं तरी पावसाचं कापड घालायचंच, फार तर दारं उघडी ठेवायची. खाली अंथरलेलं प्लास्टिक टेंटच्या बाहेर चार बोटं डोकावत असेल तर आत दुमडायचं, नाहीतर पावसाचं पाणी तेच टेंटखाली गोळा करून आणतं. आणि कॅनपी रोज झोपण्याआधी उतरवायची. बांधलेली असली तरी उतरवायची. यावर आमच्यात दरवर्षी कुणीतरी वाद घालतं, मी ऐकत नाही.

वीज कडाडायला लागली की टेंट हा आसरा नाही. पत्र्याच्या बंद गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. चक्रीवादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तर गाडीतही थांबू नका, पक्क्या इमारतीकडे जा. ती कुठे आहे हे पोचल्या पोचल्या बघून ठेवा. 10 ऑगस्ट 2020 ला याच राज्यातून डेरेचो, म्हणजे लांबवर सरळ धावणारं वादळी वाऱ्याचं संकट, गेलं तेव्हा सीडर रॅपिड्सच्या आसपास वाऱ्याचा वेग ताशी 140 मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. फोनवरच्या हवामानाच्या सूचना रात्री बंद करून झोपणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पाऊस नसला तरी सकाळी टेंट आतून ओला असतो आणि नवे लोक त्याला गळती समजतात. एक एकर मका भर वाढीच्या दिवसांत रोज 3,000 ते 4,000 गॅलन, म्हणजे 11 ते 15 हजार लिटर पाणी हवेत सोडतो, आणि इथे चहूकडे मकाच आहे. लेबर डेपर्यंत तो पिवळा पडायला लागलेला असतो, तरी हवा दमटच. त्यात आठ माणसांचा श्वास. झरोके उघडे ठेवा, झोपायच्या पिशव्या भिंतीला टेकवू नका.

अख्खं स्वयंपाकघर उचलून नेणं

हा खास आपल्या लोकांचा प्रकार. पंधरा माणसं म्हणून दोन कुकर, इडलीपात्र, पोळपाट-लाटणं, कांद्याची अर्धी गोणी. मग काय होतं? पुरुष मंडळी आणि पोरं इंजिनं बघून येतात, आणि वहिनी मंडळी सकाळी नाश्ता, तो आवरेपर्यंत दुपारचं जेवण, ते आवरेपर्यंत चहा. एकदा आमच्यातल्या एक काकू, लेकाकडे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, रविवारी दुपारी मला म्हणाल्या, "काय हो, ते मळणीचं यंत्र अजून चालू असेल का? मला एकदा बघायचं होतं." दोन दिवस त्या दोनशे पावलांवर पोळ्या लाटत होत्या. घरात खळं असलेली बाई ती. त्या सगळ्या मंडळींत मळणी खऱ्या अर्थाने कळणारी बहुधा एकटी. त्या दिवसापासून मी नियम केला: कॅम्पवर दिवसातून एकदाच चूल पेटेल, सकाळी, पोह्यांसाठी. नियम आवडत नसेल त्यांनी वेगळा ग्रुप करावा.

बाकीची जेवणं आवारातल्या खाण्याच्या तंबूंमध्ये. तिथे चर्चची आणि गावातली मंडळी रांधतात, वाढतात. गावाशी ओळख व्हायची ती तिथल्या लांब बाकांवर, अनोळखी माणसाशेजारी बसून. शाकाहारी असाल तर मात्र विचारल्याशिवाय ताट भरू नका. मिडवेस्टात फरसबीच्या भाजीत बेकन घालायची पद्धत आहे, बेक्ड बीन्समध्ये डुकराचं मांस असतं, कुस्करलेल्या बटाट्यावरची ग्रेव्ही मांसाची असते आणि पायच्या पारीत कधीकधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. विचारलं की लोक नीट सांगतात, कुणी वाईट मानत नाही. सोबत दशम्या, दाण्याची चटणी, भडंग, गूळपोळ्या असं न नासणारं ठेवा म्हणजे अडत नाही.

कूलर दोन हवेत. पेयांचा वेगळा, कारण तो पोरं दर पाच मिनिटांनी उघडतात. खाण्याचा वेगळा, आणि त्यात तापमान चार अंश सेल्सिअसच्या आत. दहीभात किंवा शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, पारा 32 अंशांवर गेला असेल तर एकच तास. वास घेऊन 'ठीक आहे' म्हणणं हे मोजमाप नव्हे.

आणि पाऊस आला म्हणून शेगडी टेंटमध्ये घेणं, किंवा थंडी वाजते म्हणून विझत आलेले कोळसे आत ठेवणं, हे कुणी करताना दिसलं तर मी स्वतः उचलून बाहेर ठेवतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. पावसात भडंग खा.

घरून जळाऊ लाकूड आणणं

आणू नका. एमराल्ड ॲश बोरर या किड्याच्या अळ्या सालीखाली लपून अशाच लाकडातून प्रवास करतात. अमेरिकेत तो 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, आयोवात 2010 मध्ये पोचला आणि ॲशची झाडं उभीच्या उभी वाळत गेली. लाकूड जिथे जाळायचं तिथेच घ्या. चार डॉलर वाचवायला मागच्या अंगणातली फांदी गाडीत घालून मिसिसिपी ओलांडणारे शिकलेसवरलेले लोक मी पाहिले आहेत.

इंजिनाला फोटोची पार्श्वभूमी समजणं

सकाळी अकराला यायचं, चाकापाशी उभं राहून फोटो काढायचे, शिट्टी वाजली की कान झाकायचे आणि पुढे. मग कळणार काय?

सकाळी साडेसहाला या. त्या वेळी गर्दी नसते आणि चालवणारा माणूस बोलायच्या मनःस्थितीत असतो. आधी तो पाण्याची काच बघतो, मग जाळ. भट्टीचं दार उघडून चार लाकडं सारतो, फडक्याने एकेक तेलाचा कप पुसून भरतो, आणि दाबाच्या काट्याकडे बघत वाट पाहतो. रात्रीची ऊब बॉयलरमध्ये शिल्लक असली तरी दाब चढायला वेळ लागतो. पूर्ण थंड असेल तर काही तास जातात. पाण्याच्या काचेला एवढं महत्त्व का, हे त्याला विचारा. भट्टीच्या छताचा पत्रा कायम पाण्याखाली असावा लागतो. पाणी उतरून तो उघडा पडला तर तापून मऊ होतो आणि आतला दाब त्याला फोडतो. म्हणून त्यात मऊ धातूचा एक बूच बसवलेला असतो, पाणी कमी झालं की तो आधी वितळावा आणि वाफेने जाळ विझावा यासाठी. 29 जुलै 2001 रोजी ओहायोतल्या मेडिना इथे जत्रेच्या आवारात असंच एक ट्रॅक्शन इंजिन फुटलं आणि पाच माणसं गेली. त्यानंतर ठिकठिकाणी बॉयलरच्या तपासण्या कडक झाल्या. हे माहीत असलं की दोरीच्या आत शिरून सेल्फी काढायची इच्छा राहत नाही.

मळणीपाशीही तेच. इंजिन आणि मळणीयंत्र यांच्यामध्ये लांबलचक पट्टा असतो, मुद्दाम लांब, म्हणजे ठिणग्या पेंढ्यांपासून दूर राहतात. त्या पट्ट्याला मध्ये एक पीळ दिलेला दिसेल. त्याने पकड चांगली बसते आणि पट्टा वाऱ्यावर कमी फडफडतो. त्याच्या आसपास पोरांना पळू देऊ नका. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस, लोंबती कॅमेऱ्याची दोरी: सगळं आवरून. आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, नाहीतर भुसा डोळ्यांत.

त्या काकूंना सोमवारी सकाळी तिथे नेलं. पेंढी यंत्रात कशी सारतात, कणसाचं टोक आधी, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पेंढ्या टाकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हातवाऱ्यांवरूनच ओळखलं की बाई शेतातल्या आहेत, आणि ओंजळभर गहू त्यांच्या हातावर ठेवला. काकूंनी दाणा दाताखाली धरून पाहिला आणि मान डोलावली.

पुण्याहून मोलीनला आलेल्या आपल्या इंजिनिअर मंडळींना एक वेगळं सांगणं आहे. तुम्ही दिवसभर ज्या जॉन डिअर कंपनीच्या ट्रॅक्टरांची डिझाइनं करता, तिने 1918 साली वॉटर्लूची गॅसोलीन इंजिन कंपनी विकत घेतली तेव्हा ती ट्रॅक्टरच्या धंद्यात खऱ्या अर्थाने उतरली. ते वॉटर्लू बॉय नावाचे ट्रॅक्टर, नंतरचे दोन सिलिंडरचे ट्रॅक्टर अशा मेळ्यांमध्ये चालू स्थितीत भेटतात. नुसता आवाज ऐकत दहा मिनिटं उभे राहा. शेजारची हिट-अँड-मिस इंजिनंही बघा: वेग पुरेसा असेल तोवर गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, सिलिंडरमध्ये स्फोट होऊच देत नाही, चाक नुसतं फिरत राहतं, वेग उतरला की एक ठोका. लहान मुलांना गव्हर्नर शिकवायला याहून चांगली जागा नाही.

ओंडक्यांच्या घरापासून इतिहास सुरू होतो असं समजणं

पायोनियर गाव बघताना मुलांना एवढं जरूर सांगा की ही जमीन रिकामी नव्हती. 1832 च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी लोकांकडून हा पूर्व आयोवाचा पट्टा करार करून काढून घेतला गेला आणि 1 जून 1833 पासून वसाहतीसाठी खुला झाला. मेस्क्वाकींनी पुढे 1857 साली टामा काउंटीत स्वतः पैसे मोजून जमीन विकत घेतली. ते आजही तिथे आहेत. आणि गावात जाणार असाल तर अरबेला मॅन्सफील्ड हे नाव शोधा. अमेरिकेत वकिलीची सनद मिळवणारी ती पहिली स्त्री, 1869 साली, याच माउंट प्लेझंटमध्ये.

बारीकसारीक, पण दरवर्षीच्या

चपला घालून हिंडू नका. निखारे, खिळे, चिखल सगळं आहे.

लेबर डेच्या सुमाराला रॅगवीड या तणाचे पराग ऐन भरात असतात. सर्दी-शिंकांचा त्रास असेल तर गोळी पहिल्या दिवसापासून.

उंच गवतातून आल्यावर गोचीड बघा: मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे, कमरेशी.

रोख पैसे ठेवा, सुट्टे.

गावातून मालगाड्यांची मुख्य लाइन जाते, रात्री हॉर्न वाजतात. कानात बोळे घाला, तक्रार करू नका. त्याच लाइनवर ॲमट्रॅकची प्रवासी गाडी, कॅलिफोर्निया झेफर, इथे थांबते. दुपारी शिकागोहून निघालात तर संध्याकाळी गावात. गाडी चालवायचा कंटाळा असलेल्यांनी याचा विचार करावा.

रात्री दहानंतर ब्लूटूथ स्पीकर बंद. अंताक्षरी खेळायची असेल तर ट्रॉलीत बसून संध्याकाळी खेळा. शेजारचा माणूस पहाटे पाचला बॉयलर पेटवायला उठणार आहे.

वीज-पाण्याच्या जागा वर्षानुवर्षं येणारी माणसं सोडत नाहीत. जुलैत जागे होऊन 'काहीतरी जुगाड करू' म्हणणाऱ्यांना मी मदत करत नाही, चौकशी वसंतातच करा.

शेवटची चूक सोमवारी होते. सगळ्यांना निघायची घाई, टेंट दवाने ओला, तसाच गुंडाळून पिशवीत कोंबतात आणि पिशवी थेट पुढच्या वर्षी उघडते. तोवर कापडावर काळे ठिपके आलेले असतात आणि शिवणीवरची पट्टी सुटलेली असते. ओला गुंडाळावा लागला तर हरकत नाही, पण घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये दोरीवर टाका, पंखा लावा, आणि दोन दिवसांनी शिवणींना हात लावून कोरड्या झाल्याची खात्री केल्यावरच घडी घाला. मेखा धुऊन, पुसून, वेगळ्या पिशवीत.